सगळ्यांच्या आजोबांशेजारी ध्यानचंद

हॉकीतलं थोडंफार कळतं, अशी ठाण्याच्या नौपाड्यात एकदा बोलवा झाली की सुटका नाही. जिन्यात, भाजीवाल्यापाशी, गोखले रोड ओलांडताना, कुठेही कुणाचा तरी मोबाइल नाकासमोर येतो. पडद्यावर जुन्या हॉकी संघाचा फोटो, सतरा करडी माणसं, प्रत्येक मुंडकं मोहरीएवढं. "यातले आमचे आजोबा कळले. बाकीचे कोण आणि साल कुठलं, तेवढं सांगा. मधला ध्यानचंदच ना?"

नसतो. ध्यानचंद 1905 सालचे. फोटो 1965 च्या आसपासचा असेल तर ते साठीला टेकलेले असणार, आणि बोट ज्याच्यावर ठेवलंय त्या पोराला अजून धड मिसरूड फुटलेलं नाही. पण वजाबाकी कुणाला आवडते? घराघरांतले दावे खरे धरले तर ध्यानचंद बर्लिन ऑलिंपिकपेक्षा ठाण्यात जास्त खेळले.

मुळात व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर काम होत नाही, तो चुरगळून येतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं. मूळ प्रत फ्रेममध्ये असेल तर घाई नको. आपल्या पावसाळ्यात फोटोचा जिलेटीनचा थर फुगून काचेला चिकटतो. ओढला की आजोबा काचेवर आणि कागद हातात. चिकटलेला फोटो काचेसकटच, उजेड तिरका घेऊन टिपायचा. सुटा असेल तर 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके धरून, स्कॅन. पुढची बाजू आणि मागचीही.

खरं तर मागचीच आधी. तिथे स्टुडिओचा शिक्का असतो. पत्त्यात नुसतं "बॉम्बे-28" असेल तर फोटो बहुधा 1972 च्या आधीचा, कारण सहा आकडी पिनकोड आला 15 ऑगस्ट 1972 ला. अर्थात रबरी शिक्का झिजेपर्यंत वापरणारे स्टुडिओवाले होतेच, म्हणून चार-पाच वर्षांची सूट ठेवावी. 400028 असेल तर प्रत नंतरची, पण निगेटिव्ह जुनी असू शकते. आणि मागे बॉलपेननं ठसठशीत 1948 लिहिलेलं असेल तर ते पुढे कुणीतरी आठवून लिहिलंय. आठवून लिहिणाऱ्यांचं 1948 वर भारी प्रेम. लंडनच्या सुवर्णपदकाचं साल ना ते!

मग फोटो उलटा छापलाय का ते पाहायचं. हॉकीत डावखुरी स्टिक नियमातच बसत नाही. डावा हात वर, उजवा खाली. खेळतानाच्या फोटोत सगळ्यांचा उजवा हात वर दिसला तर निगेटिव्ह पालथी पडलीय. सगळे उभे असतील तर शर्टाचा खिसा बघा. तो घालणाऱ्याच्या डाव्या छातीवर, म्हणजे आपल्या उजवीकडे हवा. ही तपासणी राहिली की नावांची अख्खी रांग उलटी लागते आणि गोलकीपरच्या नातवाला लेफ्ट आउटचा आजोबा मिळतो.

साल आवळायला बारीकसारीक खुणा पुष्कळ. बाजूच्या रेषेवरून कुणी हातानं चेंडू घरंगळवत आत टाकतोय? मग 1970 च्या आधीचा, नंतर तिथून स्टिकनं ढकलायचा नियम आला. पायाखाली कृत्रिम टर्फ असेल तर जुनेपणाची हौस सोडा, ऑलिंपिकमध्येच ती 1976 ला माँट्रियलला आली. सगळ्यात बोलकी मात्र पुढ्यात ठेवलेली ढाल. मोठ्या ढालीभोवती चांदीच्या छोट्या ढाली असतात, त्यांवर दरवर्षीचा विजेता कोरतात. स्कॅन मोठा करून शेवटची कोरलेली शोधा आणि तिच्या सालात एक मिळवा. फोटो आधी निघतो, कोरणाऱ्याकडे ढाल मागाहून जाते. अर्थात मध्ये एखाद्या वर्षी स्पर्धाच झाली नसेल तर हाही हिशेब कोलमडतो.

आता नावं. मागे सोळा नावं, पुढे सतरा डोकी. सतरावा बहुधा मैदानाची देखभाल करणारा, ऐन वेळी कडेला उभा राहिलेला. त्याचं नाव कुणी लिहीत नाही, चेहरा मात्र सगळ्यांत स्पष्ट. खुर्च्यांवर कोट घातलेले ते पदाधिकारी, त्यांच्यात मधोमध कप्तान. पॅडवाला गोलकीपर. हे दोघे पक्के करून दोन्ही टोकांकडून मोजत यायचं. यादीत तीन डिसोझा आणि दोन सिंग असणारच. पगडीमुळे सिंग निदान कोणते दोन ते कळतं, डिसोझांना तीही सोय नाही. तिथे दुसरा फोटो मिळवून कान जुळवावे. केस जातात, मिशा येतात-जातात, कानाची ठेवण सहसा दगा देत नाही.

फोटो घेऊन तलावपाळीच्या कट्ट्यावर अख्ख्या ज्येष्ठमंडळासमोर बसू नये. सगळ्यात मोठा आवाज ज्याचा, त्याचं उत्तर सर्वानुमते मंजूर होतं. एकेका आजोबांना वेगळं गाठायचं, नावांची यादी झाकायची आणि "हे अमुकच ना?" असं विचारायचं नाही. "हो" म्हणायला त्यांना काहीच लागत नाही, वर चहाही मिळतो. तिघांनी न सुचवता एकच नाव घेतलं तर ते लिहावं.

लिहायचं तेही मऊ पेन्सिलनं, मागच्या बाजूला, कडेला, फार न दाबता. "बहुधा 1964-66. बसलेले, डावीकडून तिसरे : ?" एवढं करून फोटो परत द्यावा. संध्याकाळी तोच फोटो सोसायटीच्या ग्रुपवर येतो, कडा कापलेला, गुलाबाच्या चौकटीत, खाली लिहिलेलं : आमचे आजोबा मेजर ध्यानचंद यांच्यासमवेत, 1948.