शेजाऱ्यावर आळ घेण्याआधी आपला राउटर उघडून बघा

गेले काही आठवडे आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर, अगदी योगवर्गाच्या ग्रुपवरही एकच मेसेज फिरतोय. त्याचा आशय असा: वाय-फाय 'कनेक्टेड' दिसतंय पण नेट चालत नाही, तर समजा शेजाऱ्याने तुमचा पासवर्ड चोरून तुम्हालाच ब्लॉक केलंय. उपाय सोपे आहेत. राउटरमागच्या भोकात टाचणी घालून तीस सेकंद दाबा, सगळे ब्लॉक निघतात. मग मॅक फिल्टर लावा, म्हणजे कुणी घुसू शकत नाही. नेटवर्कचं नाव लपवा. डीएनएस बदला, फायरवॉल बंद करा. आणि खालच्या लिंकवरून ऍप घ्या, म्हणजे चोर कोण ते दिसेल. शेवटी नेहमीसारखं 'सर्वांना पाठवा' आहेच.

मी गेली अठरा वर्षं नेटवर्कचं काम करते. बिल्डिंगमध्ये कुणाचं नेट गेलं की आमच्या दाराची बेल वाजते, आणि मला ते आवडतं. त्यामुळे या मेसेजने काय काय बिघडवलं ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला मुद्दा सगळ्यात वाईट, कारण त्यात माणसाकडे बोट आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा सकाळी आठला गीतापठणाचा ऑनलाइन वर्ग असतो. जूनपासून त्यांच्या टॅबवर तो लागेना. वाय-फायची खूण पूर्ण, पण पान उघडत नाही. संध्याकाळी तोच टॅब उत्तम चालायचा. त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एमपीएससीचा अभ्यास करणारी तीन मुलं भाड्याने राहतात. मेसेज वाचला आणि काकूंना खात्री पटली की हे या मुलांचंच काम. ज्या मुलांना त्या दर चतुर्थीला खिरापत द्यायच्या, त्यांच्याशी त्यांनी बोलणं टाकलं. मुलांना तर कारणही माहीत नव्हतं.

मी गेले तेव्हा आधी एकच विचारलं, "काकू, फोनवर नेट चालतं का आत्ता?" चालत होतं. त्याच घरात, त्याच वाय-फायवर, त्याच वेळी फोन चालतो आणि टॅब अडतो, म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक आहे. कुणीतरी फक्त त्या टॅबला अडवतंय, आणि तेही ठरावीक वेळी. हे काम नियमाचं असतं. नियम राउटरमध्ये राहतो.

लॅपटॉपवरून राउटरचं पान उघडलं. बहुतेक घरांत ते १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ या पत्त्यावर असतं. नसेल तर फोनच्या वाय-फाय तपशिलात 'गेटवे' म्हणून जो आकडा दिसतो, तो ब्राउझरमध्ये इंग्रजी अंकांत टाइप करायचा. लॉगिनचं नाव आणि पासवर्ड राउटरच्या पोटावरच्या स्टिकरवर असतो. आत पॅरेंटल कंट्रोलमध्ये एकच नियम होता: या टॅबला रात्री दहा ते सकाळी सहा नेट बंद. दोन वर्षांपूर्वी काकूंच्या मुलाने तो आपल्या मुलासाठी लावला होता. नातवाला नवा टॅब मिळाला आणि जुना जूनमध्ये आजीकडे आला.

पण बंदी सहापर्यंत, मग आठला नेट का नाही? माझ्या घड्याळात तेव्हा सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. राउटरच्या पानावर कोपऱ्यात वेळ होती ०३:४०.

राउटरला भिंतीवरच्या घड्याळासारखा सेल बहुधा नसतो. वीज आली की तो इंटरनेटवरून वेळ मागून घेतो. ती वेळ ग्रीनिचची असते. त्यात आपले साडेपाच तास मिळवायचे हे त्याला टाइम झोनच्या रकान्यातून सांगावं लागतं, आणि तो रकाना इथे कुणी भरलाच नव्हता. त्यामुळे रात्री दहाची बंदी आपल्या घड्याळाने पहाटे साडेतीनला सुरू व्हायची आणि सकाळी साडेअकराला उठायची. नातू सकाळी शाळेत असायचा, म्हणून दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही. आजीचा वर्ग मात्र नेमका त्याच वेळेत. मी टाइम झोन पाच-तीस केला, नियम काढून टाकला, आणि टॅबवर पान उघडलं. काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या पोरांना काय सांगू मी आता?"

म्हणून माझं म्हणणं आहे की नेट अडलं की पहिला प्रश्न 'कोणी केलं' हा नसतो. एकच उपकरण अडलंय की सगळी? सगळ्या वेळी की ठरावीक वेळी? एकच अडलं असेल तर राउटरमधल्या तीन जागा बघा: पॅरेंटल कंट्रोल, ॲक्सेस कंट्रोल आणि वायरलेस मॅक फिल्टर. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात, गोष्ट तीच. सगळीच अडली असतील तर राउटरचे दिवे बघा. फायबरच्या डब्यावर 'पॉन' हिरवा आणि स्थिर हवा. 'एलओएस' लाल लुकलुकत असेल तर प्रकाशच तुमच्यापर्यंत पोचत नाहीये. पुण्यात पावसाळ्यात झाडाची फांदी पडते, रस्ता खणताना वायर तुटते, खांबावरून लोंबणारी केबल ट्रकला अडकते. अशा वेळी 'कनेक्टेड' दिसतंच, कारण फोन आणि राउटर यांचं नातं शाबूत असतं. तुटलेली असते ती पुढची वाट. तेव्हा फक्त तक्रार नोंदवायची.

दुसरा मुद्दा टाचणीचा. याने ब्लॉक निघतात हे खरं आहे, आणि म्हणूनच तो फसवा आहे. त्याच्याबरोबर बाकीचं सगळंही निघतं. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी शुक्रवारी रात्री टाचणी दाबली. त्यांची मुलगी परदेशात असते, दर रविवारी व्हिडिओ कॉल असतो. रीसेटनंतर वाय-फायचं नाव बदललं, पासवर्ड बदलला, एवढं तर आम्ही निस्तरलं असतं. पण अनेक फायबर जोडण्यांमध्ये राउटर इंटरनेट कंपनीकडे स्वतःचं युजरनेम आणि पासवर्ड देऊन आत शिरतो. त्याला पीपीपीओई म्हणतात. कधीकधी सोबत व्हीलॅनचा एक आकडाही भरावा लागतो. ते सगळं पुसलं गेलं. आजोबांकडे ते कुठे लिहिलेलं नव्हतं, कंपनीचा माणूस सोमवारी दुपारी आला. तो रविवार तसाच गेला.

रीस्टार्ट आणि रीसेट यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रीस्टार्ट म्हणजे बटण बंद करून मिनिटभराने चालू करणं. त्याने काही पुसलं जात नाही, खुशाल करा. रीसेट म्हणजे राउटर दुकानातून आणला तेव्हा जसा होता तसा करणं. तो करायचाच असेल तर आधी राउटरच्या आत जाऊन 'वॅन' किंवा 'इंटरनेट' या पानाचा फोनने फोटो काढा, आणि पीपीपीओईचा पासवर्ड कंपनीकडून मागून घ्या, कारण पानावर तो ठिपक्यांआड लपलेला असतो. बॅकअपची सोय असेल तर तीही फाइल उतरवून ठेवा.

आता मॅक फिल्टर. या मेसेजमधला हा सल्ला सर्वांत विद्वान वाटतो, आणि मी सोडवलेली बरीच 'ब्लॉक' प्रकरणं यातूनच जन्मली आहेत. प्रत्येक उपकरणाच्या वाय-फायला मॅक नावाचा अठ्ठेचाळीस बिटांचा एक पत्ता असतो, बारा चिन्हांचा, दोन-दोनच्या सहा जोड्यांत लिहिलेला. फिल्टर म्हणजे दारावरची यादी: या पत्त्यांनाच आत सोड, किंवा या पत्त्यांना सोडू नको. पूर्वी हे बऱ्यापैकी चालायचं. पण २०१९ साली आलेल्या अँड्रॉइड १० पासून आणि २०२० च्या आयओएस १४ पासून फोन आपला खरा पत्ता सहसा दाखवतच नाहीत. प्रत्येक नेटवर्कसाठी ते एक बनावट पत्ता तयार करतात, कारण दुकानं आणि मॉल त्या पत्त्यावरून माणसाचा माग काढायचे. ही सोय आपल्या भल्याचीच आहे. मात्र तुम्ही आपले चार फोन यादीत टाकलेत आणि नंतर एखादा फोन फॅक्टरी रीसेट झाला किंवा नवा घेतला, की त्याचा पत्ता यादीत नसतो. पासवर्ड बरोबर असूनही राउटर दार उघडत नाही. फोन कधी 'पासवर्ड चुकीचा' म्हणतो, कधी नुसताच फिरत राहतो. आणि घरातला कुणीतरी म्हणतो, बघा, ब्लॉक केलं आपल्याला.

तुमच्या फोनचा पत्ता बनावट आहे का हे ओळखायची एक सोपी खूण आहे. पहिल्या जोडीतलं दुसरं चिन्ह बघा. ते २, ६, ए किंवा ई असेल तर तो फोनने बनवलेला पत्ता आहे. घरच्या वाय-फायपुरता मूळ पत्ता वापरायचा असेल तर फोनमध्ये त्या नेटवर्कच्या गोपनीयतेच्या पर्यायात तसं निवडता येतं.

आणि समजा, यादी लावताना तुम्ही स्वतःलाच बाहेर ठेवलंत, कुठलाच फोन आत जाईना. टाचणीकडे हात नेऊ नका. वायरलेस मॅक फिल्टर बहुतेक राउटरमध्ये फक्त हवेतून येणाऱ्यांना लागू असतो. राउटरसोबत आलेली लॅन केबल लॅपटॉपला जोडा, तेच १९२.१६८ वालं पान उघडेल, फिल्टर बंद करा. पाच मिनिटांचं काम. सहाव्या मजल्यावरच्या ताईंचं घरून काम चालतं. त्यांचा दिवस या केबलने वाचला.

एवढं करून मॅक फिल्टर चोराला अडवतो का? नाही. वाय-फायवर मजकूर कुलूपबंद असला तरी हे पत्ते उघडेच जातात. ज्याला खरोखर घुसायचं आहे तो ऐकून घेतो आणि आपल्या उपकरणाला तोच पत्ता लावतो. म्हणजे घरच्यांना त्रास, चोराला नाही.

नाव लपवण्याबद्दल फार लिहीत नाही. नाव लपवलं तरी नेटवर्क हवेत असतंच, साध्या मोफत साधनांनी सापडतं. उलट तुमचा फोन लक्ष्मी रोडवर फिरतानाही 'अमुक नेटवर्क आहेस का?' असं विचारत राहू शकतो, आणि लपवलेलं नाव त्यातूनच बाहेर पडतं.

डीएनएस म्हणजे नावावरून आकडी पत्ता सांगणारी सेवा. ८.८.८.८ गूगलची आहे, १.१.१.१ क्लाउडफ्लेअरची. कंपनीचं डीएनएस बंद पडलं असेल तर बदलून फरक पडतो, तेव्हा हा सल्ला कधीकधी लागू होतो. पण राउटरने तुमच्या उपकरणालाच दारात रोखलं असेल तर दुसऱ्याला पत्ता विचारून काय होणार? फायरवॉल बंद करण्याचा सल्ला मात्र सरळ धोकादायक आहे. बाहेरचं जग आत येऊ नये म्हणून ती असते. घरातल्या टॅबला बाहेर जाण्यापासून रोखणं हे सहसा तिचं कामच नव्हे. २०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून. अशा जगात आपण घराचं दार काढून ठेवायचं नाही.

नेट अडण्याचं आणखी एक कारण या मेसेजला ठाऊकच नाही. मॅकखेरीज प्रत्येक उपकरणाला राउटरकडून एक आकडी आयपी पत्ता मिळतो. लॅपटॉपवर तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलाच नाही, लॅपटॉपने स्वतःच एक घेतला. डीएचसीपी, म्हणजे हे पत्ते वाटणारी राउटरमधली सोय, तिच्या पानावर किती पत्ते वाटायचे याची मर्यादा असते. एका घरी ती दहाची होती, आणि गणपतीत पाहुणे आले तेव्हा दहा फोन आधीच जोडलेले. अकराव्याला जागा नाही. मर्यादा वाढवली, संपलं.

राहिलं ऍप. कोण जोडलंय ही यादी तुमचा राउटरच दाखवतो, फुकट. लिंकवरून उतरवलेलं ऍप एसएमएस वाचायची परवानगी मागत असेल, तर ते तुमच्या ओटीपीच्या मागे आहे, चोराच्या नाही. ज्यांनी ते टाकलं आहे त्यांनी आधी फोनचं नेट बंद करावं, मग ते काढावं, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावं, आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करावा. शेजाऱ्याच्या वाय-फायमध्ये परवानगीशिवाय, अप्रामाणिकपणे घुसणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ आणि ६६ खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते जसं त्याला लागू आहे, तसं 'बदला' म्हणून घुसणाऱ्यालाही.

कुणी खरंच घुसलं असेल, हे शक्य आहे. नाकारत नाही. पण तुम्हाला राउटरमधून ब्लॉक करायला त्याला सहसा वाय-फायचा आणि राउटरच्या लॉगिनचा असे दोन्ही पासवर्ड हवेत. म्हणून आधी लॉगिनचा पासवर्ड बदला, स्टिकरवरचा ठेवू नका. मग वाय-फायचा बदला. त्या क्षणी सगळेच बाहेर फेकले जातात, आगंतुकही. सुरक्षेच्या रकान्यात, म्हणजे वाय-फायच्या कुलपाच्या प्रकारात, डब्ल्यूपीए-३ असेल तर ते निवडा, नाहीतर डब्ल्यूपीए-२. आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा. त्याचा आठ अंकी पिन भक्कम वाटतो, पण राउटर तो दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक तर आधीच्यांवरून काढता येतो, त्यामुळे अकरा हजार प्रयत्नांत तो सापडू शकतो. हे २०११ पासून सगळ्यांना माहीत आहे, तरी कितीतरी घरांत तो अजून चालू आहे.

काकूंच्या राउटरवर हे सगळं करून दिलं. नवा पासवर्ड त्यांनीच ठरवला. तिथून निघताना मी समोरच्या दाराची बेल वाजवली, काकू माझ्या मागे उभ्या होत्या, आणि मुलांना सगळं त्यांनी स्वतः सांगितलं, ०३:४० सकट.