अँजिओग्राफी स्वच्छ, तरी मावसभाऊ गेला

एक मजकूर सध्या ग्रुपांवर फिरतोय: ‘अँजिओग्राफी स्वच्छ असेल तर हृदयविकार नाहीच. आनुवंशिक असता तर आईवडिलांना झाला असता. रोज पळा, हृदय पोलादी होतं.’ माझा मावसभाऊ सव्विसाव्या वर्षी कबड्डी खेळताना कोसळला तो उठलाच नाही. महिन्यापूर्वीच त्याची अँजिओग्राफी झाली होती, स्वच्छ. म्हणून हे लिहितोय.

अँजिओग्राफीत दिसतात त्या रक्तवाहिन्या. त्याचा आजार स्नायूत होता. डॉक्टर त्याला एआरव्हीसी म्हणतात. हृदयाच्या पेशींना एकमेकींशी घट्ट धरून ठेवणारी प्रथिनं यात सदोष असतात. ताण पडत राहिला की पेशी सुटतात, मरतात आणि त्यांच्या जागी चरबी व चट्ट्यासारखे तंतू भरतात, बहुतेकदा आधी उजव्या कप्प्यात. तिथे विद्युतप्रवाह अडखळतो आणि ठोके बेताल होतात. कोलेस्टेरॉलचा इथे काही संबंध नाही.

आता आईवडिलांचं. सदोष जनुक मुलात उतरण्याची शक्यता साधारण निम्मी, पण जनुक असूनही कित्येकांना आयुष्यभर त्रास होत नाही. ग्रीसच्या नॅक्सोस बेटावर याचाच एक प्रकार 1986 साली नोंदला गेला. तो असलेली मुलं लोकरीसारखे केस घेऊन जन्मतात, पुढे तळहात-तळपाय जाड होतात आणि किशोरवयापर्यंत हृदय बिघडतं. आईवडील मात्र धडधाकट, कारण या प्रकाराला जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष लागतात आणि त्या दोघांकडे सदोष प्रत एकेकच असते.

आमच्याकडे डॉक्टरांनी कागदावर वंशावळ काढली. पुरुष चौकोन, बाई गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. धाकट्या मामाच्या चौकोनावर पेन थांबलं.
‘हे कशाने गेले?’
‘विहिरीत बुडून,’ मावशी म्हणाली.
‘पोहता येत नव्हतं?’
‘पट्टीचा पोहणारा होता हो तो.’
मावशीत तेच जनुक सापडलं. ती बासष्टची आहे, तक्रार एकही नाही.

पळण्याबद्दल तर हात जोडून सांगतो. इतरांना व्यायाम हवाच, पण हे जनुक असलेल्यांत दमछाकीच्या खेळाने आजार लवकर येतो आणि बळावतो. इटलीने 1982 पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूंना ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. व्हेनेतो भागात 2004 पर्यंत खेळाडूंचे आकस्मिक मृत्यू 89 टक्क्यांनी घटले.

एकदा ईसीजी नॉर्मल आला म्हणून सुटका नाही; घरच्यांना तपासण्या ठरावीक काळाने पुन्हा कराव्या लागतात. मावसबहिणीचा पहिला ईसीजी नॉर्मलच होता, दोष एमआरआयमध्ये दिसला. आता तिच्या कॉलरबोनखाली आयसीडी आहे. ठोके जीवघेणे बिघडले तर शॉक देऊन ते ताळ्यावर आणणारं यंत्र. तिने शर्यती सोडल्या. संध्याकाळी मावशीबरोबर चालायला जाते.