गिटार ऐकू तरी द्या!

वाद्यांच्या प्रदर्शनाला दरवेळी हौसेनं जातो आणि दरवेळी डोकं धरून परततो. अर्धा तास ताटकळल्यावर गिटार हातात येते, तर तारा घामानं काळवंडलेल्या आणि 'जी' (G) सुराची तार उतरलेली. सुरात लावावी म्हटलं, तर शेजारच्या स्टॉलवर कुणीतरी ड्रम्स बडवतोय. सहावी, सगळ्यात खालच्या सुराची तार जेमतेम ८२ हर्ट्झची. त्या धडधडाटात ती ऐकू येणार कशी? हंबकर आणि सिंगल कॉइल (इलेक्ट्रिक गिटारच्या तारांची कंपनं टिपणारे दोन प्रकारचे पिकअप) यांच्या आवाजातला फरक तर सोडूनच द्या. शेवटी गिटारच्या लाकडाला कान लावून वाजवली! (हो, लोक बघत होते.) तेवढ्यात मागून एक महाशय, "झालं का?" आणि मग स्वतः पाऊण तास तोच एक रिफ (छोटीशी धून), फुल आवाजात. अरे, आधी सुरात तरी लाव ना ती!