‘मंडळ, भारत इतिहास संशोधक’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

झोटेरो या संदर्भ साठवून त्यांची सूची करून देणाऱ्या संगणक-प्रणालीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत : “आम्ही कार्डं लिहून प्रबंध पूर्ण केले. आता मुलांना बटण दाबून संदर्भसूची हवी. स्वल्पविराम कुठे द्यायचा हे ज्याला कळत नाही, त्याला संशोधन काय कळणार? आणि फुकट मिळणाऱ्या वस्तूचा भरवसा काय?” खाली सही, ‘एक निवृत्त प्राध्यापक, सदाशिव पेठ’. म्हणजे उत्तर मुद्देसूदच द्यायला हवं.

स्वल्पविरामाचं आधी बोलते. तो कुठे द्यायचा हे संदर्भ लिहिण्याची शैली ठरवणाऱ्या संस्था ठरवतात, आणि मनात आलं की बदलतातही. एपीएने, म्हणजे अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने, आपल्या शैलीपुस्तिकेच्या २०१९च्या सातव्या आवृत्तीत पुस्तकाच्या नोंदीतून प्रकाशनाचं गावच काढून टाकलं. जुन्या पद्धतीने यादी केलेल्या मुलाने आता साठ नोंदींतलं ‘पुणे’ एकेक करून खोडत बसायचं का? झोटेरोत शैली बदलली की सगळी यादी बदलते. ही हमाली यंत्राने केली तर विद्येचं काही नुकसान होत नाही.

कार्डांबाबत मात्र तुमचं म्हणणं मला मान्य आहे. कार्ड लिहायचं तर पुस्तक हातात घ्यावं लागे, मुखपृष्ठ उलटून आतलं पान बघावं लागे. आवृत्ती कितवी, खंड कोणता, संपादक कोण, हे सगळं नजरेखालून जाई. बटण दाबलं की ते जात नाही. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. गेल्या वर्षी एका मुलीने आणलेल्या यादीत लेखकाचं नाव होतं ‘मंडळ, भारत इतिहास संशोधक’. त्याखाली ‘शासन, महाराष्ट्र’. शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, एवढंच यंत्राला ठाऊक. १९१०पासून बिनआडनावाने चाललेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाला एका क्षणात आडनाव मिळालं! झोटेरोत नावाच्या दोन चौकटींची एकच चौकट करता येते, की हा घोळ मिटतो. पण त्यासाठी आधी तो दिसायला हवा.

शकाचं तर विचारूच नका. इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८चा, म्हणजे शके १८२०चा. तारखेच्या रकान्यात कुणी नुसतं १८२० लिहिलं, तर यंत्र निमूटपणे तेच छापतं. राजवाडे जन्मले १८६३ साली. म्हणजे त्यांचं पुस्तक त्यांच्या आधी त्रेचाळीस वर्षं! शिवाय ही साधने बावीस खंडांची. खंडाचा रकाना रिकामा राहिला तर वाचणाऱ्याने शोधायचं कुठे? आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, टाकून पुस्तकाची माहिती ओढून घेण्याची सोय इथे कामाची नाही, कारण तो क्रमांकच १९७०च्या सुमाराला आला. आमच्या जुन्या मराठी पुस्तकांची नोंद हातानेच भरावी लागते. म्हणजे सर, शेवटी कार्डच. फक्त ते पावसात भिजत नाही.

तुमचा राग खरं तर दुसरीकडे वळायला हवा. हल्ली काही मुलं चॅटबॉटकडे यादी मागतात, आणि तो अस्तित्वातच नसलेली पुस्तकं प्रकाशकासकट देतो. झोटेरो पुस्तकं रचत नाही. कुणाच्या तरी कॅटलॉगमधली नोंद तो उचलतो. तिथली चूकही उचलतो, पण ती पडताळता येते.

आणखी एक गैरसमज मुलांमध्ये पक्का आहे : लांब संदर्भसूची दिली की वाङ्मयचौर्याच्या तपासणीत टक्के वाढतात. म्हणून चांगले संदर्भ गाळले जातात! यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार संदर्भसूची त्या मोजणीत धरायचीच नसते. हे मुलांना तुमच्यासारख्या मार्गदर्शकांनी सांगितलं तर लवकर पटेल, आमचं कोण ऐकतं.

राहिला फुकटचा प्रश्न. झोटेरो २००६मध्ये अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झाला आणि तो मुक्तस्रोत आहे, म्हणजे त्याची घडण कुणालाही उघडून बघता येते. नोंदी कितीही ठेवा, पैसे नाहीत. पीडीएफ मात्र त्यांच्याकडे ३०० एमबीपर्यंतच फुकट राहतात, आणि स्कॅन केलेल्या दोनचार जाड ग्रंथांत तेवढी जागा संपते. म्हणून पीडीएफ स्वतःच्या पेन ड्राइव्हवर ठेवायला मी सांगते.

तुमची कार्डं अजून जपून ठेवली असतील, तर त्या मुलीला घेऊन बघायला यायला आवडेल. तिची नवी यादीही बरोबर आणू. लाल पेन तुमचं.