हनुवटीवरचा मास्क आणि प्रवाशाची तयारी

कोरोनाच्या साथीत, ५ मार्च २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सी. हरी शंकर कोलकात्याहून दिल्लीला विमानाने परतत होते. विमानापर्यंत नेणाऱ्या बसमध्ये आणि नंतर विमानातही अनेक प्रवाशांचे मास्क हनुवटीखाली उतरलेले त्यांना दिसले. ८ मार्चला त्यांनी स्वतःहून या गोष्टीची दखल घेतली आणि सांगूनही मास्क नीट न लावणाऱ्याला उड्डाणापूर्वीच खाली उतरवावे, असे निर्देश दिले. पाठोपाठ १३ मार्चला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे परिपत्रकही निघाले.

तो आदेश मला तेव्हाही योग्य वाटला होता आणि आजही वाटतो. परंतु त्यानंतर जी चर्चा झाली, तिचा सूर ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ असा होता आणि तो मला मुळीच मान्य नाही. आईच्या आजारपणामुळे त्या वर्षभरात मी मुंबई–नागपूर असा विमानप्रवास पाच वेळा केला. त्यावरून माझे ठाम मत झाले आहे की, साथीच्या काळात प्रवासी नियम पाळायला तयार असतो. ती तयारी टिकते की विरते, हे मात्र नियम करणारे आणि राबवणारे कसे वागतात यावर ठरते.

२५ मे २०२० रोजी, दोन महिन्यांच्या खंडानंतर, देशांतर्गत विमानसेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा मुंबईत दिवसाला २५ विमानांना उतरण्याची आणि २५ विमानांना निघण्याची परवानगी होती. जूनमध्ये मी पहिल्यांदा गेले. एरवी गजबजलेल्या विमानतळाच्या इमारतीत माणसे हळू आवाजात बोलत होती. जमिनीवर आखलेल्या गोलांमध्ये प्रत्येक जण मुकाट्याने उभा होता. माझ्या पुढचे एक वयस्कर जोडपे एकेक गोल पुढे सरकत होते आणि आजोबा पायाने बॅग ढकलत होते, कारण तिला हात लावला की पुन्हा सॅनिटायझर घ्यावे लागेल, असे आजींनी त्यांना बजावले होते. तिथे कोणीही कोणावर ओरडत नव्हते आणि दंडाची भीतीही दिसत नव्हती. मग आम्हाला विमानापर्यंत नेण्यासाठी बस आली आणि तासभर सहा फूट अंतर राखलेली तीच माणसे तिच्यात खांद्याला खांदा लावून उभी केली गेली. शेजारचे गृहस्थ एवढेच म्हणाले, “मग आत ते गोल कशासाठी आखले होते?” दाराशी उभ्या असलेल्या कर्मचाऱ्याकडे उत्तर नव्हते, आणि त्यात त्या बिचाऱ्याचा काहीच दोष नव्हता.

मधल्या आसनाचेही असेच झाले. ते शक्यतो रिकामे ठेवावे आणि तिथे कोणाला बसवावेच लागले, तर त्याला मास्क व फेस शील्डबरोबर अंगभर गाऊनही द्यावा, असा १ जून २०२० चा आदेश होता. गाऊन घातलेला तो प्रवासी दोन्ही बाजूंच्या प्रवाशांच्या कोपरांमध्ये अडकून बसलेला असे. या गाऊनमुळे नेमके काय साधते, हे मी प्रवास केलेल्या एकाही विमानात कोणी सांगितले नाही. ज्याचे कारण कळत नाही, तो नियम माणूस एकदा पाळतो, दुसऱ्यांदा उरकतो आणि तिसऱ्यांदा सोडून देतो; आणि खेदाची गोष्ट अशी की, त्याबरोबर तो शेजारचा उपयोगी नियमही सोडून देतो.

मास्क हा तसा उपयोगी नियम होता. विमानातली हवा दर दोन-तीन मिनिटांनी बदलते आणि ती अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या गाळणीतून जाते, हे खरेच आहे. विमान कंपन्यांनी ते पुन्हा पुन्हा सांगितले, आणि त्यामुळे ‘मग मास्क कशाला?’ असा प्रश्न प्रवाशांना पडला. त्याचे उत्तर एका वाक्याचे होते: शेजाऱ्याची शिंक गाळणीपर्यंत पोहोचण्याआधी तुमच्यापर्यंत पोहोचते. १ मार्च २०२० रोजी लंडनहून हनोईला गेलेल्या विमानातील एका आजारी प्रवासी महिलेशी पुढे त्याच विमानातल्या आणखी १५ जणांची लागण जोडली गेली, आणि त्यांतले बहुतेक जण तिच्या आसपास, त्याच वर्गात बसलेले होते. मास्कची सक्ती तेव्हा नव्हती. ही हकीकत उड्डाणापूर्वी सांगितली असती, तर कितीतरी मास्क आपोआप नाकावर गेले असते.

आणखी एक प्रसंग माझ्या मनातून जात नाही. ऑक्टोबरमध्ये प्रवेशद्वाराबाहेर पंचविशीतला एक मुलगा पाण्याच्या बाटलीबरोबर पॅरासिटामॉलची गोळी घेताना मी पाहिला. पुढे कपाळावर तापमापक रोखला जाणार होता आणि आपल्याला लक्षणे नाहीत, असे लिहून द्यायचे होते. मला संताप आला आणि मी त्याला विचारले. त्याला दुसऱ्या दिवशी नव्या नोकरीवर रुजू व्हायचे होते. तिकीट वडिलांनी उसनवारीने काढले होते. आज थांबलो तर पैसे परत मिळतील का, हे त्याला कोणी नीट सांगितले नव्हते. त्याने चूकच केली, आणि त्याची झळ माझ्या आईपर्यंतही पोहोचू शकली असती. तरीही मला असे वाटते की, खरे बोलणाऱ्याचे तिकीट, नोकरी आणि रात्रीचा मुक्काम यांची हमी न देता त्याच्याकडून खरेपणाची अपेक्षा करणे अन्यायाचे होते. ‘ताप आहे म्हणून सांगा, तुमचा एक रुपयाही बुडणार नाही’ असा फलक मला दारावर हवा होता.

सक्तीच्या मर्यादा महाराष्ट्राला नव्याने शिकवायला नकोत. ज्या साथरोग कायद्याखाली २०२० चे नियम लागू झाले, तो १८९७ चा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगच्या काळातला आहे. त्या वर्षी पुण्यात गोरे सैनिक घरांत शिरून झडती घेऊ लागले, तेव्हा लोकांनी आजारी माणसे लपवली. रोग तोच होता आणि माणसेही समंजस होती, पण विश्वास उरला नव्हता.

फेब्रुवारी २०२१ मध्ये, विदर्भात दुसरी लाट चढू लागली असताना, मी नागपूरहून परतत होते. पलीकडच्या आसनावर बसलेल्या काकांचा मास्क हनुवटीवर होता. हवाई सुंदरीने इंग्रजीत आणि मग हिंदीत दोनदा सूचना दिली, तरी ते हलले नाहीत. मागच्या रांगेतून कोणीतरी ‘यांना उतरवा’ म्हणाले. मी वाकून मराठीत म्हटले, “काका, विमान सुटून उतरेपर्यंत मास्क नाकावरच ठेवायचा असतो, तुमच्या श्वासाचा त्रास या बाळाला होऊ नये म्हणून.” त्यांच्या शेजारी सात-आठ महिन्यांचे मूल आईच्या मांडीवर झोपले होते. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, मास्क वर घेतला, नाकावरची पट्टी दोन बोटांनी दाबली आणि म्हणाले, “असं होय! मला वाटलं, आत येईपर्यंतच लागतो.” मुंबईत उतरेपर्यंत, पाणी पितानासुद्धा, त्यांनी तो एकेका घोटापुरताच खाली केला.