चोर सोडून टर्बोला फाशी

एक मजकूर गेले बरेच दिवस मोबाइलवरून मोबाइलवर फिरतो आहे. माझ्याकडे तो चार वेगवेगळ्या लोकांकडून आला आणि चौघेही त्या वेळी जुनी गाडी घ्यायच्या बेतात होते. म्हणून हे उत्तर लिहायला बसलो. मजकूर थोडक्यात असा: "सेकंडहँड छोटी टर्बो पेट्रोल गाडी चुकूनही घेऊ नका. एवढंसं इंजिन टर्बो लावून पिळलेलं असतं, ते लाखभर किलोमीटरमध्ये संपतं. टर्बो आज ना उद्या जातोच. गाडी ऑइल प्यायला लागली की टर्बो गेला समजा. आधीच्या मालकाने दर वेळी दोन-तीन मिनिटं इंजिन नुसतं चालू ठेवून मग बंद केलं नसेल, तर टर्बो आतून जळालेलाच आहे. आणि घ्यायचीच असेल तर कमीत कमी किलोमीटर चाललेली घ्या, म्हणजे धोका नाही."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे. तिथे येतोच, पण आधी पहिल्यापासून बघू.

इंजिन पिळलेलं असतं, हे ऐकायला पटतं. हजार सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन सोळाशे सीसीचं काम करतंय म्हणजे त्याचा जीव जात असणार, असं कुणालाही वाटेल. पण साध्या इंजिनावर वरून टर्बो चिकटवलाय, असं या गाड्यांत नसतं. टर्बो इंजिनात जादा हवा कोंबतो, आणि इंजिन मुळातच त्या दाबासाठी आखलेलं असतं. पिस्टनच्या बुडाशी ऑइलचा फवारा मारून त्याला थंड ठेवणारे जेट, जास्त ताकदीचे कनेक्टिंग रॉड, उष्णता सोसणारे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, अशी तयारी आधीच केलेली असते. शिवाय ताकद कुठे मिळते तेही पाहा. फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट हे टर्बो इंजिन १७० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, मिनिटाला १४००-१५०० फेऱ्यांपासूनच देतं. त्याच कंपनीच्या बिनटर्बोच्या सोळाशे सीसी इंजिनाला साधारण १६० न्यूटन-मीटरसाठी ४००० फेऱ्यांच्या आसपास जावं लागायचं. रोजच्या चालवण्यात जास्त कोण ओरडतं, ते यावरून कळतं.

मग ही छोटी इंजिनं बिघडतच नाहीत का? बिघडतात, आणि काही तर फार वाईट बिघडतात. मजकूर लिहिणाऱ्याने खरं तर इथे थांबून नीट सांगायला हवं होतं, पण त्याने सगळ्यांना एकाच पोत्यात कोंबलं. याच इकोबूस्टला २०१२, २०१३ आणि २०१४ अशी लागोपाठ तीन वर्षं 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा किताब मिळाला. पण त्याच्या सुरुवातीच्या गाड्यांत कूलंटचा एक बारीक पाइप तडकायचा, कूलंट गळून जायचं, इंजिन तापायचं आणि हेडपर्यंत काम जायचं. दुसरं दुखणं टायमिंग बेल्टचं, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणाऱ्या पट्ट्याचं. हा बेल्ट बाहेर कोरडा नसतो, इंजिनाच्या आत ऑइलमध्येच फिरतो. ऑइल वेळेवर बदललं नाही किंवा चुकीचं घातलं की बेल्टचं रबर सुटायला लागतं, त्याचे कण ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात आणि इंजिनाला ऑइल मिळेनासं होतं. प्यूजो-सित्रोएनच्या १.२ लिटर प्युअरटेकचंही हेच. तिथे बेल्ट फुगतो, इतका की ऑइल भरायच्या तोंडातून मापाची पट्टी घालून त्याची रुंदी तपासतात. त्याचे कण ब्रेकला मदत करणाऱ्या व्हॅक्यूम पंपापर्यंत पोचले तर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होतं.

फोक्सवॅगनच्या १.४ टीएसआयमध्ये तर एकाच नावाखाली दोन निराळी इंजिनं आहेत. जुन्या पिढीत बेल्टऐवजी टायमिंग चेन होती, ती सैल पडायची. त्यातल्या सुपरचार्जर (इंजिनाच्याच जोरावर फिरणारा हवेचा पंप) आणि टर्बो दोन्ही असलेल्या इंजिनांत पिस्टन फुटल्याच्या आणि ऑइल खाण्याच्या तक्रारी गाजल्या. २०१२ पासून आलेल्या नव्या पिढीत चेन जाऊन कोरडा बेल्ट आला आणि ते दुखणं मागे पडलं. तीच कंपनी, तोच बिल्ला, पण बॉनेटखाली वेगळाच प्राणी. म्हणून गाडीचं मॉडेल आणि वर्ष एवढ्यावर थांबू नका, इंजिनाचा कोड विचारा. फियाटचं १.४ टी-जेट, सुझुकीचं १.४ बूस्टरजेट हीसुद्धा छोटी टर्बो पेट्रोल इंजिनंच आहेत आणि त्यांना माझ्यापुरता मी निर्धास्तपणे हात लावेन.

आणि वर सांगितलेली दुखणी पुन्हा एकदा वाचा. कूलंटचा पाइप, ऑइलमधला बेल्ट, सैल चेन, पिस्टन. यात टर्बो कुठे आहे?

"टर्बो आज ना उद्या जातोच." टर्बो म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना दोन पंखे. एक सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराने फिरतो आणि दुसऱ्याला फिरवतो, दुसरा इंजिनात हवा कोंबतो. धुराचं तापमान गाडी जोरात असताना ९०० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेरे घेऊ शकतो. एवढ्या वेगात तो दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. तो थर असेपर्यंत धातूला धातू लागत नाही, म्हणून टर्बो वर्षानुवर्षं चालतो. थर तुटला की काही क्षणांत खेळ आटोपतो. म्हणजे टर्बो बहुतेक वेळा स्वतःहून मरत नाही. त्याचा घास ऑइल तरी घेतं, नाहीतर बाहेरून आत गेलेला कचरा.

माझ्या ओळखीच्या एका गाडीत सात महिन्यांत दोन टर्बो बसवले गेले. पहिला गेला तेव्हा गॅरेजने नवा बसवला, पण त्याला ऑइल पुरवणारा पाइप जुनाच ठेवला. त्या बारीक पाइपाच्या आत जळलेल्या ऑइलचा थर साचला होता. आम्ही तो नंतर कापून पाहिला, तर आरपार दिसणारं भोक पेन्सिलीच्या शिशाएवढंच उरलं होतं. नव्या टर्बोलाही उपाशीच ठेवलं होतं, मग तो तरी कसा टिकणार? लोक मात्र अजून सांगतात की त्या गाडीचे टर्बो फार नाजूक.

दुसरी गोष्ट माझ्या भाच्याची. "मामा, गाडीचा पिकअपच गेलाय, आणि ॲक्सिलरेटर दिला की शिट्टी वाजते," असा फोन आला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला होता, पी०२९९ हा कोड दिसला होता आणि टर्बो बदलायला सांगितलं होतं. या कोडचा अर्थ एवढाच, की हवेचा दाब अपेक्षेपेक्षा कमी पडतोय. का पडतोय, ते कोड सांगत नाही. मी बॉनेट उघडून इंटरकूलरकडून, म्हणजे टर्बोची तापलेली हवा थंड करणाऱ्या जाळीकडून, येणाऱ्या रबरी पाइपावरून हात फिरवत गेलो. खालच्या बाजूला, जिथे डोळे पोचत नाहीत, तिथे बोटाला ओलसर चिकटपणा लागला. नखाएवढी चीर होती आणि तिच्या कडेला ऑइलमध्ये माखलेली धूळ बसली होती. तीच शिट्टी वाजवत होती. पाइप बदलला, पिकअप परत आला, टर्बो आजही तोच आहे. दाब कमी पडला की आधी पाइप, क्लिपा, टर्बोचा दाब आवरणारे वेस्टगेटचा ॲक्चुएटर आणि डायव्हर्टर व्हॉल्व्ह हे बघायचं आणि टर्बोकडे सगळ्यात शेवटी वळायचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा कारभार गॅरेजमध्ये होतो तेव्हा भुर्दंड मालकाला पडतो, याचा मला मनापासून राग येतो.

ऑइल पिण्याचंही तसंच. ऑइल झिजलेल्या पिस्टन रिंगमधून जातं, व्हॉल्व्हच्या सीलमधून जातं आणि टर्बोमधूनही जातं. पण टर्बोमधून जातं तेव्हासुद्धा टर्बोचाच दोष असतो असं नाही. त्याच्या दांड्यावर ऑइल अडवायला रबरी सील नसतं, पिस्टनला असते तशी बारीक धातूची रिंग असते. आत आलेलं ऑइल खालच्या पाइपातून आपोआप इंजिनाच्या तळाशी असलेल्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरलं पाहिजे. इंजिनाच्या आतला वायू बाहेर जाऊ देणारा ब्रीदर तुंबला की आत दाब वाढतो, ऑइलला खाली उतरता येत नाही आणि ते रिंगच्या फटीतून हवेच्या पाइपात शिरतं. लोक पाइपातलं ऑइल बघतात आणि टर्बो बदलतात, दोष मात्र ब्रीदरच्या छोट्याशा व्हॉल्व्हचा असतो. धूर कधी येतो ते बघितलं तर बरंच कळतं. रात्रभर उभी असलेली गाडी चालू करताना क्षणभर निळा धूर आला तर व्हॉल्व्हचे सील बघा. जोर दिल्यावर सतत येत असेल तर रिंग. बराच वेळ नुसती चालू ठेवून मग रेस केल्यावर निळा लोट आला, तर टर्बोवर संशय घ्यायला जागा आहे.

शिवाय थोडं ऑइल कमी होणं म्हणजे बिघाड नव्हे. हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंत ऑइल लागू शकतं, असं अनेक गाड्यांच्या पुस्तिकांतच छापलेलं असतं. मला स्वतःला हा आकडा फार सैल वाटतो, पण तो आहे. छोट्या इंजिनात एकूण ऑइल चार लिटरच्या आसपास. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) कधीच न बघता पंधरा हजार किलोमीटर गाडी पळवली तर काय होईल, याचा हिशोब तुम्हीच करा.

इंजिन बंद करण्याच्या बाबतीत मजकुरात अर्धं सत्य आहे. हायवेवर जोरात पळवून लगेच किल्ली फिरवली तर टर्बोतलं ऑइल जागच्या जागी तापून कोळसा होतं, हे खरं. पण आताच्या पेट्रोल टर्बोंच्या बेअरिंगभोवती बहुधा पाणी खेळवलेलं असतं आणि काही गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही एक विजेचा पंप ते पाणी फिरवत राहतो. बंद गाडीतून येणारी ती बारीक गुणगुण ऐकून घाबरू नका. शेवटचा एक किलोमीटर सावकाश चालवला की झालं. गावातल्या गावात फिरून आल्यावर तीन मिनिटं इंजिन जाळत बसण्याची गरज नाही.

मजकुरात नसलेली, पण त्याच्या खाली लोक हमखास लिहितात अशी एक गोष्ट म्हणजे व्हॉल्व्हवर काजळी बसणं. हा टर्बोचा गुण नाही, डायरेक्ट इंजेक्शनचा आहे. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, म्हणून इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत. बिनटर्बोच्या डायरेक्ट इंजेक्शन इंजिनातही ही काजळी बसते, आणि टी-जेटसारख्या जुन्या पद्धतीच्या इंजेक्शनच्या टर्बोत तो प्रश्न नाही. इंजिन थंड असताना मिसिंग करत असेल तर हे तपासा. अक्रोडाच्या टरफलांचा भुगा हवेच्या दाबाने मारून व्हॉल्व्ह साफ करतात, इंजिन पूर्ण खोलावं लागत नाही.

आता ते शेवटचं वाक्य: कमी चाललेली घ्या. ऑइल किलोमीटरने खराब होतं तसंच दिवसांनीही होतं. दोन-तीन किलोमीटर जाऊन बंद होणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही. न जळलेलं पेट्रोल आणि पाण्याची वाफ ऑइलमध्ये मुरत राहते, आणि मालक म्हणतो, "गाडी चाललीच कुठे, ऑइल कशाला बदलायचं?" त्यात आणखी एक धोका असतो. या इंजिनांत कमी फेऱ्यांवर, वरच्या गिअरमध्ये जोर देऊन गाडी रेटली की पेट्रोल-हवेचं मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटू शकतं आणि पिस्टनची कड तुटते. ऑइलचा दर्जा यात थेट भाग घेतो, म्हणूनच ऑइलचा दर्जा ठरवणाऱ्या एपीआय या अमेरिकन संस्थेने २०१८ मध्ये एसएन प्लस आणि २०२० मध्ये एसपी ही प्रतवारी आणली. मीटरवरचा आकडा यातलं काहीच सांगत नाही, आणि तो मागे फिरवलेला नाही याचीही खात्री नसते.

गेल्या महिन्यात शेजारच्या ताईंसाठी दोन गाड्या बघितल्या, दोन्हींत एकाच जातीचं इंजिन. एक सहा वर्षांत २८,००० किलोमीटर चाललेली, दुसरी पाच वर्षांत ९४,०००. ताईंचा जीव अर्थातच पहिलीवर. तिथे गेलो तर बॉनेट गरम. मालकाने आम्ही यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलं होतं. "उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका," म्हणून परत आलो. दुसऱ्या दिवशी थंड इंजिन चालू केल्याबरोबर दोन-तीन सेकंद डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट झाला आणि थांबला. तो चेनचा आवाज, गरम इंजिनावर कधीच ऐकू आला नसता. ऑइलचं झाकण काढलं, तर आतल्या बाजूला काकवीसारखा दाट काळा गाळ. सहा वर्षांत ऑइल दोनदा बदलल्याच्या पावत्या होत्या.

दुसऱ्या गाडीच्या झाकणाखाली धातू स्वच्छ दिसत होता. मालकाकडे दर दहा हजार किलोमीटरच्या पावत्या होत्या, त्यांवर ऑइलचा ग्रेडसुद्धा लिहिलेला. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण जोर दिला, ओढ एकसारखी होती, धूर नाही, शिट्टी नाही. ताईंनी ती घेतली. पहिल्याच आठवड्यात ऑइल, फिल्टर आणि कूलंट बदलून घेतलं. आता दर हजार किलोमीटरला त्या स्वतः डिपस्टिक ओढून बघतात आणि मला फोटो पाठवतात. परवाच्या फोटोत ऑइल वरच्या खुणेपासून जेमतेम काडीभर खाली होतं.