मालकांची टीटी

सोलापुरात होटगी रोडच्या टपरीवर रात्री साडेनऊला आमचा कट्टा भरतो. परवा मालक आले आणि चहा यायच्या आधीच म्हणाले, "टीटी काढायचीय." काढायची म्हणजे विकायची. घटकाभर कुणी बोललंच नाही.

मालकांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. २०१६ साली त्यांनी ऑडी टीटी घेतली. दोन दारं, दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, २३० हॉर्सपॉवर, शून्यावरून शंभराला साडेपाच सेकंदांच्या आत. आणि ही चालायची कुठं, तर रविवारी पहाटे तुळजापूरला. गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत तर धूळ बसते म्हणून कव्हरसुद्धा निघायचं नाही. एवढ्या वर्षांत किलोमीटर झाले २६ हजार.

"डीलरला दे अन् मोकळा हो बे," अण्णा म्हणाले. मालकांना 'बे' म्हणायचा हक्क फक्त त्यांचा.

डीलर येऊन गेला होता. त्यानं असा आकडा सांगितला की मालकांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. "कंपनीनं २०२३ ला टीटी बनवणंच बंद केलं. आता अशी गाडी मिळती का कुठं? आणि माझी तर बघा, टायरची नक्षीसुद्धा नव्यासारखी!"

इथं उस्ताद उठला. गॅरेजवाला माणूस, बोलतो कमी. मोबाइलची बॅटरी लावून चाकाशी उकिडवा बसला आणि रबरावरच्या लंबगोलातले चार आकडे वाचले. "४८१५. म्हणजे २०१५ चा ४८ वा आठवडा. नक्षी हाय, पण रबर दहा वर्षांचं झालं मालक. घेणारा पहिलं बोट इथंच ठेवणार. गिअरबॉक्सचं तेल?"

"बदललंय. बिल आहे."

बिलं खरंच होती. प्रत्येक सर्व्हिसला गाडी पुण्याला नेलेली, सगळे कागद तारखेवार एका फायलीत. मला विचाराल तर बॉनेटच्या चकाकीपेक्षा त्या फायलीलाच जास्त पैसे येतील. पॉलिश काय, कुणीही करून आणतं.

मालकांकडं हैदराबादचं एक गिऱ्हाईक होतं. वकिलानं कपाळाला हात लावला. "तेलंगणात नेली की तिथला लाइफ टॅक्स त्याला परत भरायचाय. तो टाळाटाळ करणार आणि तोवर आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणीपत्र, तुमच्या नावावर. २०१८ ला सुप्रीम कोर्टानं नवीन कुमारच्या केसमध्ये सांगितलंय, आरसीवर नाव ज्याचं, मालक तोच. उद्या त्यानं जहीराबादजवळ कुणाला उडवलं तर भरपाईची नोटीस होटगी रोडला येईल. आधी आरटीओची एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला काढा, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर त्याचं नाव-गाव भरल्याशिवाय सही नको. आणि बँकेचा बोजा उतरवला का?"

"हप्ते कधीच फिटले."

"हप्ते फिटले म्हणून आरसीवरचा बोजा आपोआप जात नाही. बँकेचं पत्र आणि ३५ नंबरचा फॉर्म."

अण्णांनी 'सगळं रोख घे' म्हणताच वकील त्यांच्यावरच घसरला. दोन लाख किंवा त्याच्या वर रोख घेतली तर घेणाऱ्यालाच तेवढा दंड. अण्णा गप्प झाले, पण अर्ध्या मिनिटापुरतेच.

खरी जुंपली ती खरचट्यावरून. एका गतिरोधकावर टीटीचा पुढचा बंपर खालून घासलाय. उभं राहून दिसत नाही; जमिनीला गाल टेकवला की वीतभर पांढरी रेघ दिसते. "काळा रंग मार, विषय संपला," अण्णा. उस्ताद नुसता हसला. "लाखो रुपये मोजणारा माणूस गाडी जॅकवर घेतल्याबिगर घेतो व्हय? ताजा रंग दिसला की तो आणखी काय काय हुडकत बसंल."

मी उस्तादाच्या बाजूनं. माझी जुनी स्विफ्ट विकताना एसीच्या आवाजाबद्दल मी तोंड उघडलं नव्हतं. गिऱ्हाइकानं तो ऐकला आणि मग माझ्या खऱ्या किलोमीटरवरही विश्वास ठेवला नाही. आवाज राहिला बाजूला, पंधरा हजार गेले ते त्या गप्प बसण्याचे.

"तुझी स्विफ्ट होती बे, ही ऑडी हाय!" अण्णा ओरडले.

तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. हैदराबाद. त्यांनी आमच्याकडं एकदा बघितलं आणि स्पीकर लावला.

"भाई, एक बात पहलेच बोल देतूं. आगे का बंपर नीचे से घिसा है. फोटो भेजतूं. और टायर बदलने को आये."

पलीकडं जरा वेळ शांतता. मग आवाज आला, "बिलां हैं क्या सब?"

"हैं."

"तो इतवार को आतूं. जॅक है ना उधर?"

उस्तादानं लांबूनच मान डोलावली. अण्णांनी चहाचे पैसे कुणाच्या नावावर, ते विचारलं.